भास्कराचार्यांची माकडं आणि समीकरणाची रूपं

घरात कुणाला ताप भरला की 'एकशे दोन आहे' असं म्हणतात, आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेल्याची बातमी येते. पहिला आकडा फॅरनहाइटमधला, दुसरा सेल्सिअसमधला. दोन्हींना जोडणारं समीकरण एकच आहे, पण ते वेगवेगळ्या रूपांत भेटतं. समीकरणाची रूपं शिकवताना आम्ही याच समीकरणापासून सुरुवात करतो, कारण त्यातली प्रत्येक संख्या मुलांना थर्मामीटरवर बोट ठेवून दाखवता येते.

फ म्हणजे फॅरनहाइट, स म्हणजे सेल्सिअस.

फ = १.८स + ३२

इथे दोन गोष्टी उघड दिसतात. सेल्सिअस एक अंश वाढलं की फॅरनहाइट १.८ अंश वाढतं; हा रेषेचा चढ. आणि स शून्य असताना फ ३२ असतो, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला ३२ वर छेदते. आलेख काढायला याहून सोयीचं रूप नाही. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं घेतलं असेल तर ३२ वर टिंब द्यायचं, तिथून उजवीकडे ५ घरं आणि वर ९ घरं मोजायची, दुसरं टिंब द्यायचं आणि पट्टी लावायची.

ताप मोजताना मात्र हेच रूप अडचणीचं होतं. ३८.५ ला १.८ ने गुणून त्यात ३२ मिळवणं तोंडी जमत नाही. निरोगी शरीराचं तापमान साधारण ३७ सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट धरतात. तो बिंदू हाताशी घेऊन समीकरण असं लिहायचं:

फ − ९८.६ = १.८(स − ३७)

आता फक्त ३७ च्या वरचा भाग मोजायचा. ३८.५ म्हणजे दीड अंश जास्त. दीड गुणिले १.८ म्हणजे २.७, उत्तर १०१.३. हे बिंदू-चढ रूप. उकळत्या पाण्याचा बिंदू घेऊन फ − २१२ = १.८(स − १००) असं लिहिलं तरी रेषा तीच राहते. बिंदू कोणताही घ्या, कंस सोडवल्यावर शेवटी ३२ च उरले पाहिजेत. ९८.६ − ६६.६ = ३२, २१२ − १८० = ३२. दुसरं काही उरलं तर चिन्हात चूक झाली आहे असं खुशाल समजावं.

तिसरं रूप परीक्षेत सर्वांत जास्त मागतात:

९स − ५फ + १६० = ०

इथे पोचायला दोन्ही बाजूंना ५ ने गुणायचं आणि सगळी पदं एका बाजूला आणायची. नेमकं इथेच बिघडतं. गुणाकार अपूर्णांक घालवण्यासाठी चालला आहे असं मनात असल्यामुळे मुलं फक्त १.८ ला ५ ने गुणतात आणि ३२ तसेच ठेवतात. ९स − ५फ + ३२ = ० असं काहीतरी वहीत उमटतं. आम्ही 'प्रत्येक पदाला गुणलं का' असं विचारत नाही. त्याऐवजी स = ० ठेवून पाहायला सांगतो. बरोबर रूपात फ ३२ येतो, चुकीच्या रूपात ६.४. बर्फ ६.४ फॅरनहाइटला वितळत नाही, हे ज्याचं त्याला दिसतं.

या सामान्य रूपात चढही दिसत नाही आणि अक्षाला कुठे छेदते तेही दिसत नाही. त्याचा उपयोग दोन समीकरणं एकत्र सोडवताना कळतो. दोन्ही मापांवर आकडा एकच कधी येतो? म्हणजे स − फ = ०. फ च्या जागी स ठेवला की ४स = −१६०, स = −४०. हेच क्रेमरच्या निश्चयक पद्धतीने करायचं झालं, तर आधी समीकरण आणखी एकदा हलवावं लागतं, कारण ती पद्धत 'अ·क्ष + ब·य = क' हे रूप मागते. स्थिरपद उजवीकडे हवं: ९स − ५फ = −१६०. १६० चं चिन्ह न बदलता तसंच उचललं तर उत्तर +४० येतं. आकडेमोड पूर्ण बरोबर आणि उत्तर चूक, अशा उत्तरपत्रिकांत कारण बहुधा हेच असतं. ४० सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइट, हे एकदा ताळ्यात घातलं की चूक लगेच पकडता येते.

रेषीय समीकरणांचं एवढं पुरे. रूपांची खरी गंमत वर्गसमीकरणात आहे, आणि त्यासाठी भास्कराचार्यांच्या बीजगणितातल्या माकडांसारखं दुसरं उदाहरण आम्हांला सापडलेलं नाही. भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ मध्ये म्हणजे इ.स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला; बीजगणित हा त्याचाच भाग. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटणला आहे.

उदाहरण असं: माकडांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे, आणि उरलेली १२ माकडं डोंगरावर दिसताहेत. कळपात माकडं किती?

कळप क्ष मानला तर

(क्ष/८)² + १२ = क्ष

हेही एक रूपच आहे, आणि ते घाईने मोडू नये. गोष्टीतलं प्रत्येक वाक्य यात जागच्या जागी आहे: वनातली, डोंगरावरची, एकूण. पुढे कितीही रूपं बदलली तरी ताळा घ्यायला इथेच परत यायचं असतं. म्हणून ही ओळ वहीच्या वरच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवायची, ही आमची पक्की सवय आहे.

क्ष²/६४ + १२ = क्ष, दोन्ही बाजूंना ६४ ने गुणून क्ष² + ७६८ = ६४क्ष, आणि मग

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

हे अ·क्ष² + ब·क्ष + क = ० असं सामान्य रूप. आठव्या भागाचा वर्ग करताना ८ चाही वर्ग होतो हे विसरून क्ष²/८ लिहिणारे प्रत्येक वर्गात सापडतात; म्हणून कंसाबाहेरचा वर्ग बोलताना 'आठव्या भागाचा वर्ग, म्हणजे वर्गाचा चौसष्टावा भाग' असं पूर्ण म्हणायला लावावं.

सामान्य रूपाची किंमत आज आपल्याला कळत नाही, कारण ते आयतं मिळतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने समीकरणांचे सहा प्रकार केले होते. ऋण सहगुणक आणि 'बरोबर शून्य' ही मांडणी वापरात नसल्यामुळे वर्ग आणि मुळं (इथे मुळं म्हणजे उत्तरं नव्हेत, क्ष ची पदं) मिळून संख्या, वर्ग आणि संख्या मिळून मुळं, मुळं आणि संख्या मिळून वर्ग, असे त्यांतले तीन प्रकार वेगळे आणि प्रत्येकाची रीतही वेगळी. आपली माकडं क्ष² + ७६८ = ६४क्ष म्हणजे 'वर्ग आणि संख्या मिळून मुळं' या प्रकारातली; याच प्रकाराला दोन उत्तरं येऊ शकतात हे त्याने नोंदवलं होतं. भारतात ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले होते. ऋण सहगुणक चालू लागले की सहाच्या सहा प्रकार एका साच्यात बसतात.

भास्कराचार्यांच्या काळची मांडणी तर आजच्या मुलांनीही उचलावी अशी आहे. अज्ञाताला यावत्तावत्, थोडक्यात 'या'. त्याच्या वर्गाला 'याव'. नुसत्या संख्येला 'रू', म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक, वर्गाखाली वर्ग, अज्ञाताखाली अज्ञात, संख्येखाली संख्या. आणि जे पद नाही त्याच्या जागी शून्य. हे शून्य फार महत्त्वाचं. क्ष² − ९ = ० मध्ये अ, ब, क विचारले की ब च्या जागी −९ सांगणारी मुलं दरवर्षी असतात, कारण त्यांना दोनच पदं दिसतात आणि ती क्रमाने मोजली जातात. क्ष² + ०क्ष − ९ = ० असं लिहायची सवय लावली की हा घोटाळा मुळातच होत नाही.

आता सामान्य रूपावरून अवयव. गुणाकार ७६८ आणि बेरीज −६४ अशा दोन संख्या हव्यात. गुणाकार धन आणि बेरीज ऋण, म्हणून दोन्ही ऋण. ७६८ म्हणजे २ चा आठवा घात गुणिले ३. जोड्या १ पासून लिहीत बसायचं नाही. बेरीज ६४ आहे म्हणजे निम्म्याला, ३२ ला, धरून दोन्हीकडे सारखं सरकायचं. ३२ × ३२ = १०२४, जास्त. २४ × ४० = ९६०, कमी झालं पण अजूनही जास्तच. १६ × ४८ = ७६८. सापडलं.

(क्ष − १६)(क्ष − ४८) = ०

हे अवयव रूप. यातून उत्तरं काही न करता वाचता येतात: १६ किंवा ४८. इथे दोन गोष्टी जपायच्या. कंसात −१६ दिसतं म्हणून मूळ −१६ लिहायचं नाही. आणि उजवीकडे शून्य असेल तरच हे रूप काही सांगतं. (क्ष − १६)(क्ष − ४८) = १० असेल, तर क्ष − १६ = १० असं म्हणता येत नाही, कारण गुणाकार १० यायला दोघांपैकी कुणीही १० असण्याची गरज नाही. गुणाकार शून्य असेल तरच एक तरी अवयव शून्य असावा लागतो.

ताळा चौकटीतल्या ओळीत: १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. दोन्ही कळप खरे.

अवयव पाडण्याआधी एक वाट आहे, ती बरेच जण चुकवतात. आठवा भाग पूर्ण माकडांचा हवा, म्हणजे क्ष हा ८ च्या पाढ्यातला. मग क्ष = ८य का ठेवू नये? य² + १२ = ८य, म्हणजे य² − ८य + १२ = ०, म्हणजे (य − २)(य − ६) = ०. य २ किंवा ६, कळप १६ किंवा ४८. ७६८ चे अवयव शोधायचे कष्टच वाचले. फक्त शेवटी य वर थांबून 'उत्तर ६ माकडं' असं लिहायचं नाही. असं लिहिलेलं आम्ही पुष्कळदा तपासलं आहे.

अवयव सापडेनात तेव्हा कामाला येतं ते पूर्ण वर्गाचं रूप. त्यामागचं चित्र काढल्याशिवाय ते शिकवूच नये. अल्-ख्वारिझ्मीचं प्रसिद्ध उदाहरण क्ष² + १०क्ष = ३९ घ्या. क्ष बाजूचा चौरस काढा. १०क्ष म्हणजे १० रुंदीची पट्टी. ती उभी कापून ५-५ चे दोन तुकडे करा, एक चौरसाच्या उजवीकडे लावा, एक खाली. कोपऱ्यात ५ बाय ५ ची जागा रिकामी राहते. ती भरायला २५ लागतात. एकूण ३९ + २५ = ६४, म्हणून मोठ्या चौरसाची बाजू ८, आणि क्ष = ३. सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग का मिळवायचा, याचं उत्तर तो रिकामा कोपरा देतो. (ऋण उत्तर −१३ या चित्रात दिसत नाही, चिन्हांनी लिहिलं तरच ते हाती येतं.)

माकडांना हेच लावलं तर ६४ चं निम्मं ३२, वर्ग १०२४:

क्ष² − ६४क्ष + १०२४ = १०२४ − ७६८
(क्ष − ३२)² = २५६

क्ष − ३२ = १६ किंवा −१६. अधिक-उणेपैकी फक्त अधिक घेतलं तर १६ माकडांचा कळप हरवतो.

अ एक नसेल किंवा ब विषम असेल तर या रीतीत अपूर्णांक शिरतात आणि मुलं कंटाळतात. त्यावर श्रीधराचार्यांची जुनी युक्ती आहे, तिचा उल्लेख भास्कराचार्य त्यांच्या नावानिशी करतात: दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा आणि मग ब² मिळवा. ३क्ष² − ७क्ष + २ = ० वर करून पाहा. १२ ने गुणून ३६क्ष² − ८४क्ष = −२४. दोन्हीकडे ४९ मिळवून (६क्ष − ७)² = २५. ६क्ष १२ किंवा २, म्हणून क्ष २ किंवा १/३. एकही अपूर्णांक मधे आला नाही. नेहमीच्या रीतीने (क्ष − ७/६)² = २५/३६ लिहावं लागलं असतं. आमच्या मते दहावीत सूत्र पाठ करून घेण्याआधी ही रीत एकदा तरी हाताखालून जावी, कारण सूत्र म्हणजे हीच रीत अक्षरांत केलेली:

क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] ÷ २अ

सूत्रात चुका ठरलेल्या आहेत. ब = −६४ असेल तर ब² लिहिताना −६४² असं लिहिलं की कॅल्क्युलेटर −४०९६ देतो; (−६४)² असा कंस हवा. −ब म्हणजे +६४, हे दुसरं. आणि भागाकाराची रेघ फक्त वर्गमुळाखाली ओढली तर ६४ ± १६ असं चुकीचं काहीतरी निघतं; पूर्ण अंशाला २अ ने भागायचं असतं: (६४ ± ३२) ÷ २. शेवटी बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ येतो का पाहायचं. दहा सेकंदांचं काम.

पूर्ण वर्गाचं रूप इथेच संपत नाही. य = (क्ष − ३२)² − २५६ असं लिहिलं की आलेखाचा शिरोबिंदू (३२, −२५६) वाचून मिळतो. हा अन्वस्त आलेख कागदावर नीट बसवायचा तर आडव्या अक्षावर १ सेमी = ८ आणि उभ्या अक्षावर १ सेमी = १२८ घ्यावं. क्ष ला ०, ८, १६, २४, ३२ दिले की य येतो ७६८, ३२०, ०, −१९२, −२५६. म्हणजे सेंटिमीटरमध्ये ६, २.५, ०, −१.५, −२. उजवी बाजू आरशातली. सगळे बिंदू अर्ध्या सेंटिमीटरच्या रेघांवर पडतात. सामान्य रूपात किमती ठेवून हेच करायला तिप्पट वेळ लागतो आणि प्रमाण कोणतं घ्यावं तेही सुचत नाही.

विवेचक म्हणजे काय, हेही याच रूपातून समजतं. डोंगरावर १२ ऐवजी म माकडं दिसली असती तर?

(क्ष − ३२)² = १०२४ − ६४म

म १२ असताना उजवीकडे २५६. म १६ असताना शून्य, म्हणून एकच कळप, ३२ माकडांचा. म १७ झाला की उजवीकडे −६४. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून असा कळपच नाही. ब² − ४अक, म्हणजेच विवेचक, हे या उजव्या बाजूचंच चौपट आहे. 'विवेचक ऋण असेल तर मुळं वास्तव नसतात' हे वाक्य घोकण्याऐवजी डोंगरावर एकेक माकड वाढवून पाहिलं, तर ते विसरायचा प्रश्न येत नाही.

म शून्य केला, म्हणजे डोंगर रिकामा, तर क्ष² = ६४क्ष. इथे दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ६४ लिहिणारे बरेच. शून्य हेही मूळ आहे, आणि भागताना ते गेलं. क्ष शून्य असण्याची शक्यता असेल तोवर त्याने भागायचं नाही; क्ष(क्ष − ६४) = ० असे अवयव पाडायचे.

मूळ हरवतं तसं नसलेलं मूळ शिरतंही, आणि ते शिरतं वर्ग करताना. √(क्ष + ६) = क्ष याचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, मुळं ३ आणि −२. पण −२ ठेवलं तर डावीकडे √४ = २, उजवीकडे −२. ते मूळ आपण बोलावलेलं नव्हतं, वर्ग करताना आत आलं.

भास्कराचार्यांनी पुढचं उदाहरण जणू याचसाठी दिलं आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेत गेला, आणि एक माकड फांदीवर दिसतं आहे.

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

सामान्य रूपात आणलं की क्ष² − ५५क्ष + २५० = ०, अवयव (क्ष − ५)(क्ष − ५०) = ०. ५० चा ताळा: १० − ३ = ७, वर्ग ४९, अधिक १. ५ चा ताळा: १ − ३ = −२, वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. समीकरणाला दोन्ही मान्य. भास्कराचार्य मात्र ५ सोडून देतात, कारण एका माकडातून तीन वजा होत नाहीत, आणि ऋण माकडं लोकांना पटत नाहीत.

आता गोष्टीतला एक शब्द फिरवा: पाचव्या भागातून तीन नव्हे, तर तीनातून पाचवा भाग वजा केला. (३ − क्ष/५)² + १ = क्ष. वर्ग केल्यावर हेही क्ष² − ५५क्ष + २५० = ० च होतं, एका चिन्हाचाही फरक नाही. पण आता ५ चा कळप खरा, तीनातून एक गेलं, दोन उरली. आणि ५० चा खोटा, कारण तीनातून दहा जात नाहीत. सामान्य रूपाकडे कितीही वेळ पाहिलं तरी या दोन गोष्टींपैकी आपण कोणत्या गोष्टीतून आलो ते कळणार नाही. ते फक्त कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलेलं असतं.